स्मारकाची भाऊबीज

भाऊबीजेच्या सकाळी आमच्या चौकातल्या स्मारकापाशी एक बाई तबक घेऊन आली. बॉम्बस्फोटात गेलेल्यांची नावं तिथल्या दगडावर कोरली आहेत. तिनं भावाच्या नावाला कुंकू लावून ओवाळलं. मग शेजारच्या नावालाही, त्याच्या खालच्यालाही.

मला राहवेना. "हे कोण तुमचे?"

"ओळख नाही हो. पण वर्षभर दादाला सोबत यांचीच ना!"

देशोदेशीची अशी स्मारकं मी पाहिली आहेत. कुठे संथ पाणी वाहतं, कुठे दिवा तेवतो. आपल्या माणसाचं नाव सापडलं, की माणसं त्यावरून हळूच बोट फिरवतात आणि निघतात. ही मात्र निघायचं नावच घेईना.

सगळ्यांना ओवाळून झाल्यावर ती प्रसन्न हसली आणि तबक घेऊन माझ्याकडे वळली. मी मुकाट्यानं डोक्यावर रुमाल टाकला.