दाराचं टेबल

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. येरमाळ्यात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या थापा ऐकतो, चार आपणही मारतो. त्यामुळे खरं कुठं संपतं ते मला बरोबर कळतं. आणि हे सगळं भर दुपारी, जेवताना घडलंय. अंधार, घुबड असलं काही हवं असेल त्यांनी इथंच थांबावं!

आमच्या घराला वडिलांनी बसवलेलं जाड सागवानी दार होतं. दोन फळ्या, पितळी फुल्या आणि बाहेरून वाजवायला लोखंडी कडी. माझी थोरली बहीण अक्का, नळदुर्गला दिलेली. ती न कळवता यायची आणि कडी तिच्याच पद्धतीनं वाजवायची... दोनदा हळू, एकदा जोरात. जोरात म्हणजे शेजारची म्हैस उठून उभी राहायची.

आठ वर्षांपूर्वी, चैत्रातल्या दुपारी ती अशीच आली. मी आणि माझी बायको सुमन कूलर लावून झोपलेलो. त्या घरघरीत कडी ऐकूच आली नाही. अक्का अर्धा तास उन्हात उभी. त्यात शेजारीण म्हणाली, "आत्ताच तर आत गेलेत दोघं." झालं! मुद्दाम उघडलं नाही, असं अक्कानं धरलं आणि आल्या पावली नळदुर्ग गाठलं. मग फोनवर एकच वाक्य — "तुझ्या त्या दारातनं पुन्हा आत आले, तर नावाची न्हाय."

नाही आली. भाऊबीजेला मीच जायचो. ओवाळायची, लाडू द्यायची, पण येरमाळ्याचं नाव काढलं की पाठ फिरवायची. यंदा माझ्या लेकीचं, पूजाचं लग्न ठरलं. आमच्यात पहिली हळद आत्यानं लावायची. मी हातापाया पडलो, तर म्हणते, "हळदीची वाटी इकडं पाठव. हात लावून देते."

पूजा रडली. "आत्या नसंल तर मला हळदच नको," म्हणाली.

लग्नासाठी पुढची खोली नवी केली, लोखंडी दार बसवलं, बेल लावली. जुनं दार टाकवेना, म्हणून रशीदभाई मिस्त्रीला म्हणालो, याचं जेवायचं टेबल कर. त्यानं फळ्या जोडल्या, पाय लावले आणि विचारलं, "वर कुठली बाजू घेऊ? आतली का बाहेरची?"

"फुल्यांची. बाहेरची."

"सोचून सांगा, भाऊ. मग तुमी रोज दाराबाहेर बसून जेवणार."

मी हसलो. कडी निघाली होती, ती त्यानं मागून नेली, शेळ्यांच्या खोपटाला लावायला. टेबलावर काच टाकली. झकास दिसत होतं!

टेबल आल्यावर तिसऱ्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास आम्ही दोघं जेवत होतो... आणि कडी वाजली. दोनदा हळू, एकदा जोरात. वाटीतलं वरण हललं.

मी उठून दार उघडलं. कोणी नाही. रशीदभाईला फोन लावला.

"कडी खोपटालाच हाय, भाऊ. आन् माझ्या शेळ्या शरीफ हायत, दुसऱ्याच्या घरी जाऊन वाजवत न्हायत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर थांबेचना. सुमन म्हणाली, "अवो, अक्काच हायत. उघडा की!"

"काय उघडू? टेबल?"

"आपण बाहेर बसलोय. बाहेर बसून दार उघडतंय व्हय? आत जा."

"आत म्हणजे कुठं?"

तिनं हातातल्या भाकरीनंच टेबलाखाली दाखवलं.

तर मंडळी, वय वर्षे चोपन्न, अंगात बनियन, पुढं पोट, अशा थाटात मी चार पायांवर टेबलाखाली शिरलो. फळीला हात लावला. आठ वर्षांत मी अक्काला कूलरचा दोष सांगितला होता, शेजारणीचा सांगितला होता. माझं चुकलं, असं एकदाही म्हणालो नव्हतो. तिथं म्हणालो. "अक्का, तू उन्हात उभी राहिलीस गं. चुकलं माझं. ये आत."

कडी थांबली.

सुमन हसली नाही. तिनं फक्त माझ्या ताटात गरम भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लोखंडी दारावर थापा पडल्या. बेल असून थापा! उघडलं तर अक्का, हातात पिशवी. तिनं दार खालीवर बघितलं.

"ह्ये ते दार न्हाय," म्हणाली आणि सरळ आत आली.

पाणी पिऊन ती सांगायला लागली. "तीन दिस झाले, दुपारी डोळा लागला की मी आपली तुझ्या दारात उभी. वाजवून वाजवून हात दुखायला लागला. काल उघडलंस बघ. चुकलं म्हणालास." मग माझ्याकडं बारीक डोळ्यांनी बघत म्हणाली, "पण काय रं, दार उघडायला रांगत कशाला आलतास?"

सुमनच्या हातातला तांब्या खाली पडला.

सुमननं तिला फोन केला नव्हता, पूजाच्या शपथेवर सांगते. मीही केला नव्हता. पूजा तर त्या दिवशी खरेदीला सोलापुरात होती. रशीदभाईला कडीपुरतंच माहीत होतं. त्यानंतर कडी कधी वाजली नाही. पूजाला पहिली हळद अक्कानंच लावली, नंतर माझ्याही गालाला फासली.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. अक्कालाही विचारून बघितलं. पूजाची सासरी न्यायची बॅग भरता भरता, मान वर न करता ती म्हणाली,

"मी आले न्हवं? मग कशाला उकरतोस!"