सालदार की रोजंदार

माझी पोरगी पुण्यात शिकून घाटंजीला परत आली, तेव्हा तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात आम्ही दोघंच. तिनं मोबाइलवर एक ॲप बनवलं होतं. कापूस वेचायला उद्या किती बाया पाहिजेत ते शेतकऱ्यानं त्यात टाकायचं, म्हणजे मजूर तिथूनच ठरतील. ते चाललं तर ती इथं राहणार होती, नाही तर पुण्याची नोकरी. मले ती इथं पाहिजे होती.

तो प्रोग्राम एका डब्यात भरून कोण्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवायचा होता. कंपन्या दोन. एकीकडं डबा झोपलेला राहतो, कोणी हाक मारली की उठतो, कामापुरता पैसा घेतो. उठायला जरा वेळ लावतो, एवढंच. दुसरीकडं बारा महिने जागा राहतो अन् दर महिन्याचा पगार घेतो.

"म्हणजे एक रोजंदार, एक सालदार," मी म्हटलं. "सालदार ठेव."

"बाबा, कापूस सरला की उन्हाळाभर कोण येते तिथं? पगार कायले द्याचा?"

"उन्हाळ्यात मालकानं मले काढलं असतं, तर मृगात त्याच्या वावरात कोण उभं राह्यलं असतं?"

"तुम्ही माणूस होते. याले पोट नाही."

मी अर्धी जिंदगी सालदारी केली. पाडव्याला बोली झाली की वर्षभर मालकाचं वावर ते माझं वावर. बोलावल्यावर उठणाऱ्या गड्याला मी गडी म्हणत नाही. पण तिनं रोजंदारच घेतला. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

दिवाळीनंतर वेचणी लागली. आमच्या शेजाऱ्यानं माझ्या अन् पोरीच्या समोर ते उघडलं. गोल चक्र फिरलं, त्यानं तेवढाही दम धरला नाही, मोबाइल खिशात घातला अन् मुकादमाच्या घराकडं निघाला.

"पाह्यलं? झोपला होता तुझा गडी!" इतक्या दिवसांनी मी तिच्याशी बोललो.

"बाबा, जागा असता तरी हेच झालं असतं. मुकादम बायांले उचल देते, गाडी आणते. माझ्याकडं द्यायला काय आहे?"

मले ते आजही पटलेलं नाही. संक्रांतीनंतर ती पुण्याला गेली. थांब, एवढं माझ्या तोंडून निघालं नाही.

आता सकाळी चहा झाला की मी ते उघडतो. चक्र फिरते, मी थांबतो. मग पाटी येते, 'उद्या किती बाया पाहिजेत?' ती वाचतो अन् बंद करतो.

परवा तिचा फोन आला. "ते बंद करून टाकणार होती, बाबा. पण रोज सकाळी कोणीतरी एक जण उघडून राह्यला. तुम्ही तर नाही ना?"

"मले काय करायचं? माझ्याकडं कुठं वावर आहे?"



"मग असू द्या. आलंच तर रुपया-दोन रुपये बिल येते. सालदार ठेवला असता तर मी त्याले कधीचा काढला असता."

 काल सकाळी चहा झाला अन् मी ते परत उघडलं.