चाचांच्या हातचे तीन बोर्ड

चाचांनी सोल्डर केलेला एकही बोर्ड जळला नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही. शाळेत सगळे धरून चालले की चाचांचा हात चुकला. चाचांनीही तेच धरलं. खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं, आणि मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला तसं जड जात नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस.

कळंबला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं आणि छतापर्यंत रचलेले उघडे सांगाडे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेचा भोंग्याचा अँप्लिफायर घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा चाचांनी साठी ओलांडलेली होती. अँप्लिफायर त्यांनी तासाभरात बोलका केला, पण मी तिथं तीन तास बसलो. पुढच्या रविवारी काही काम नसताना गेलो. मग दर रविवारी दुपारी जेवण झालं की पाय आपोआप तिकडं वळायचे. बायको म्हणायची, तुमचं दुसरं सासर आहे ते.

चाचा काम करताना बोलत नसत. सोल्डरच्या तारेचा धूर वर चढायचा, राळेचा वास सुटायचा, आणि भिंगाच्या दिव्याखाली त्यांची दोन बोटं अशी स्थिर असायची की मी श्वास रोखून बसायचो. सोल्डर वितळून पुर्जा जोडणारा टाका बसला की चिमट्यानं त्याला हळूच ओढून बघायचे. प्रत्येकाला, एकही न सोडता. मग "बिस्मिल्ला" म्हणून बटण दाबायचे. मी एकदा विचारलं, इतक्या वर्षांनीही ओढून बघता? ते म्हणाले, टाका दिसायला चकाकतो सर, पण चकाकणारं सगळंच धरून ठेवत न्हाय.

प्रोग्राम भरायचे छोटे बोर्ड मी त्यांच्याकडं नेले ते माझी हौस म्हणून. व्हिडिओ बघून बघून शिकलो होतो. काडेपेटीएवढी ती वस्तू टेबलावर ठेवली तेव्हा शेजारचा चहावाला डोकावून म्हणाला, चाचा, रेडिओ सोडून काड्याच्या पेट्या रिपेर करायला लागलात का? चाचांनी त्याला दोन चहा आणायला पिटाळलं आणि मला विचारलं, ह्यात बिघाड झाला तर काय करायचं. मी म्हणालो, प्रोग्राम चुकला असेल तर पुसून दुसरा भरायचा. त्यांना ते फार आवडलं. "मंजे ह्यात चूक पुसता येती," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात न्हाय बाबा. आमची चूक धूर होऊन जाती."

बोर्ड आणला आणि लावला, असं नसतं. कॉम्प्युटरला त्या जातीच्या बोर्डाची आधी ओळख करून द्यावी लागते. प्रोग्राम लिहायचं जे फुकटचं सॉफ्टवेअर असतं, त्याच्या सेटिंगमध्ये एक लांब चौकट असते. त्यात बोर्ड बनवणाऱ्यांनी दिलेली लिंक चिकटवायची, मग बोर्डांची यादी उघडून नाव शोधायचं आणि इन्स्टॉल दाबायचं. त्यानंतर आपण फक्त वाट बघायची. माझ्या लॅपटॉपवर हे पहिल्यांदा केलं ते चाचांच्या दुकानात, माझ्या मोबाइलच्या नेटवर. हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. चाचा असरच्या नमाजाला जाऊन आले तरी पट्टी अर्ध्यावरच. "तुमची एसटी येडशीला पंक्चर झाली वाटतं सर," असं म्हणून ते पुन्हा एका मिक्सरकडं वळले. दोनदा तुटलं, दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. मला घाई झाली होती, त्यांना नाही. अखेर यादीत आमच्या बोर्डाचं नाव दिसलं, ते निवडलं, प्रोग्राम पाठवला आणि बोर्डावरचा निळा दिवा लुकलुकू लागला. चाचांनी मिक्सर बाजूला सारला. जरा हळू करा म्हणाले. मी प्रोग्राममधला आकडा बदलला, दिवा हळू झाला. आता लई हळू करा. तसंही केलं. आयुष्यभर टीव्ही उघडणारा तो माणूस एका दिव्याकडं असा बघत बसला की गिऱ्हाईक येऊन उभं राहिलेलं त्याला कळलं नाही.

ती संध्याकाळ आठवली की अजून बरं वाटतं, आणि लगेच वाटेनासं होतं.

त्याच हौसेतून शाळेच्या घंटेची कल्पना निघाली. आमच्या शाळेच्या तीन इमारती, तीन विजेच्या घंटा, आणि तिन्हींची घड्याळं लाइट गेली की आपापल्या मनानं चालायची. प्रत्येक घंटेला एक बोर्ड लावायचा, त्यानं इंटरनेटवरून वेळ घ्यायची आणि तास बरोबर द्यायचा, असं मी मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं. बाई खूश झाल्या. त्यांच्या डोक्यात आणखी एक होतं. घंटा नीट वाजली की चाचांनी दर शनिवारी येऊन मुलांना सोल्डरिंग शिकवावं. हे मी चाचांना सांगितलं तेव्हा ते उठून दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले. चौथीत शाळा सुटलेला माणूस. माझ्याकडं न बघताच म्हणाले, शिकवताना उभं राहायचं का बसायचं?

बोर्ड आले ते नव्या जातीचे होते आणि त्यांच्या पिना सुट्ट्या. एकेका बोर्डाला तीस-तीस पाय. चाचांनी आठवडाभर रोज थोडे थोडे करत ते जोडले, प्रत्येक टाका ओढून बघितला. मला म्हणाले, एकदा लावून बघू की आधी. मी म्हणालो, तुमचं काम झालं, माझं दहा मिनिटांचं आहे.

माझा लॅपटॉप त्या आठवड्यात मुलीबरोबर तिच्या परीक्षेला गेला होता. घंटा सुरू करायच्या दिवशी सकाळी शाळेच्या कॉम्प्युटरवर बसलो तर नेट इतकं ढिलं की बोर्डाची ओळख करून देणारी ती फाइल उतरेना. धाराशिवच्या एका ओळखीच्या शिक्षकानं पूर्वी पेन ड्राइव्हवर दिलेली जुनी फाइल माझ्याकडं होती. तीच कॉपी केली. यादीत आमच्या बोर्डाचं नाव नव्हतं, जवळपासचं एक होतं. ते निवडलं. असं करू नये हे मला माहीत होतं. नावं सारखी असली तरी बोर्ड आपली मेमरी कशी वाचतो यात फरक असतो, हे मी स्वतः वाचलेलं होतं. पण बाहेर संस्थेचे दोन सदस्य घंटा बघायला येऊन बसले होते, आणि पडद्यावर शंभर टक्के असं आलं. मी तिन्ही बोर्ड भरून घंटांना लावले.

अकराचा तास होता. बाई, ते दोन सदस्य, मी आणि चाचा मधल्या इमारतीच्या व्हरांड्यात उभे होतो. चाचांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. अकरा वाजले. घंटा वाजली नाही. मागच्या इमारतीतूनही आवाज नाही. बोर्डावरचा दिवा एकदा चमकायचा, विझायचा, पुन्हा चमकायचा, म्हणजे बोर्ड सुरू होऊन होऊन पडत होता. पाच मिनिटांनी एक सदस्य हसून म्हणाले, आमच्या काळी लोखंडाचा तुकडा टांगलेला असायचा, तो बरा होता.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. काय झालं सर?

मी म्हणालो, "प्रोग्राम शंभर टक्के गेलाय. सोल्डरिंगमध्ये बोर्ड जळले असतील. चाचांचंही वय झालंय आता."

चाचा माझ्या शेजारीच होते. त्यांनी बोर्ड काढून घेतला, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांनी माझ्याशी वाद घालावा असं मला वाटत होतं. घातला असता तर कदाचित मी कॉम्प्युटरकडं परत गेलो असतो. ते म्हणाले, "व्हय, असंल. नजर पहिल्यासारखी राहिली न्हाय." आणि बोर्ड माझ्या हातात दिला.

शनिवारच्या वर्गाचा विषय बाईंनी पुन्हा काढला नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत एका दुपारी ते तीन बोर्ड माझ्या कपाटात सापडले. लॅपटॉप घरी आला होता, नेट बरं होतं. लिंक चिकटवली, नवी फाइल पूर्ण उतरू दिली, यादीतलं बोर्डाचं खरं नाव निवडलं. पहिला बोर्ड चालला. दुसरा चालला. तिसरा लावताना मला तो चालू नये असं वाटत होतं. तोही चालला. टाके उन्हात चकाकत होते, आणि ओढून बघितले तर धरूनही होते.

जूनमध्ये मी पिना आधीच जोडलेले नवे बोर्ड मागवले आणि घंटा सुरू केल्या. आता बरोबर वाजतात. बाईंनी सभेत माझं नाव घेतलं. चाचांच्या हातचे तीन मी कापडात गुंडाळून ठेवले. रविवारी जाणं आधी कमी केलं, मग बंदच केलं. कानावर यायचं की चाचा आता बारीक काम घेत नाहीत, फक्त पंखे आणि मिक्सर. कुणी रेडिओ आणला तर डोळं गेलं म्हणून परत पाठवतात. पुढं त्यांनी दुकान बंद केलं आणि उमरग्याला मुलीकडं राहायला गेले. जायच्या आदल्या दिवशी माझ्या दारात येऊन ते आपलं बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न देऊन गेले. तुमच्या कामाला येईल म्हणाले. मी ते घेतलं.

या वर्षी परीक्षेच्या कामासाठी उमरग्याला जाणं झालं. पिशवीत ते तीन बोर्ड मी मुद्दाम टाकले होते. चाचा ओसरीवर बसले होते. आवाजावरून नाही, लांबून चेहऱ्यावरून त्यांनी मला ओळखलं. म्हणजे नजर तशी ठीकच होती. मुलीनं चहा दिला आणि मला सांगू लागली, अब्बा आता कशालाच हात लावत नाहीत, घरचा रेडिओसुद्धा बाजारात दुरुस्तीला द्यावा लागला. चाचांनी तिला गप्प केलं. माझ्याकडं हात करून तिला म्हणाले, "ह्या सरांचे तीन बोर्ड जाळले म्या, चार माणसांत मान खाली गेली त्यांची. तरी बघ, आज एवढ्या लांब भेटायला आले."

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी चहा प्यायलो, गाडीची वेळ झाली म्हणालो आणि उठलो. चाचा फाटकापर्यंत सोडायला आले.

चाचा, तुमचे टाके चांगले होते, चूक माझी होती, एवढं त्यांच्या मुलीसमोर बसून सांगणं माझ्याकडून राहिलेलं आहे. बाईंनाही सांगायचं राहिलेलं आहे.