खुणेसकट नक्कल

कुणी वहीत टिपून घ्यायला लागलं, की सोमनाथ सरांची जीभ आजही अडखळते.

वारूळवाडीत ते कॉम्प्युटरवर मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायला शिकवायचे. सॉफ्टवेअरचं लायसन एकच, तेही एका कॉम्प्युटरच्या ओळख-नंबराला बांधलेलं. दोन हजार सातला सरांनी शक्कल लढवली. सर्व्हरच्या पोटात एक आभासी कॉम्प्युटर उभा केला, त्यात सॉफ्टवेअर घातलं आणि ओळख-नंबरासकट त्याच्या आठ नकला काढल्या, म्हणजे एका लायसनवर आठ पोरं बसली. प्रत्येक नकलेला वाटे, आपणच अस्सल!

वर्गात ही कृती पायरीपायरीनं शिकवून वर सांगायचे, "आमचा म्हातारा मेंढपाळ. दुसऱ्याच्या खुणेचं मेंढरू कळपात शिरलं, तर दोन कोस चालून परत देऊन यायचा. आपण मातुर खूणच आठ जागी छापली!" पोरं खिदळायची. बापाचा चेहरा आठवून आत कुठंतरी टोचायचं, पण सरही हसण्यावारी न्यायचे. अवसरीची हर्षाली तेवढी हसायची नाही. ती मान खाली घालून लिहून घ्यायची.

दीड वर्षानं ती क्लासच्या दारात उभी राहिली. कारखान्यातली नोकरी गेली होती. तिनं तिथं लायसनच्या नकला केल्या आणि त्या तपासणीत सापडल्या.

"माझं नाव सांगितलंस?" सरांच्या तोंडून आधी हेच निघालं, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"तुमचं नाव कशाला, सर?" तिनं जुनी वही उघडून पुढं धरली. सरांचाच धडा, सुवाच्य अक्षरात, लाल शाईनं अधोरेखित. "मी अगदी असंच केलं व्हतं. बघा ना, माझं कुठं चुकलं?"