अर्धा तास पुढचं घड्याळ

रामनगरचा दत्तप्रसाद कॅमेरे बसवतो आणि शिडीला घाबरतो. चौथ्या पायरीवर त्याचे पाय लटपटायला लागतात. खालून कुणीतरी शिडी धरावी लागते, आणि धरणाऱ्याला सतत बोलत राहावं लागतं. तो गप्प झाला की याला वाटतं, गेला सोडून. शिवाय त्याला कुत्र्यांची भीती आहे, उघड्या वायरींची आहे आणि खाकी कपड्यांची तर आहेच आहे. त्याची धाकटी बहीण दीपाली म्हणते, "आमच्या दादाचं पोट लोकांच्या भीतीवर चालतंय, आन् सगळ्यांत भित्रा त्योच."

लग्न त्यानं केलेलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे दीपालीचं घर, दोन्ही वेळचं जेवण तिथंच. तिचा नवरा सूरज पिकअप चालवतो. पिकअपच्या पुढच्या काचेवर मुलीचं नाव आहे, 'रक्षा'. ती लाल रेडियमची अक्षरं दत्तप्रसादनंच कापून चिकटवली. सूरज म्हणाला होता, जरा बारीक घ्या. पण मामाची हौस दांडगी. "लांबनं वाचता आलं पाहिजे," म्हणत त्यानं अर्धी काच भरून टाकली.

शिडी सोडली तर बाकी धंद्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नाही. कॅमेरा बसवून झाला की तो गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून सगळं समजावून सांगतो. "कॅमेरा नुसता बघतोय. ध्यानात ठेवतोय तो ह्यो डबा, रेकॉर्डर. त्याच्या पोटात डिस्क हाय. ती भरली की जुनं पुसून त्यावरच नवं लिवतीय. म्हणून काय झालं तर वाट बघत बसू नका, मला बोलवा. आन् कोपऱ्यातला टाइम बघत जावा. चित्र कितीबी चांगलं असू दे, टाइम चुकला तर ते खोटं बोलतंय." हे शेवटचं वाक्य म्हणताना तो बोट वर करतो.

बाजारकुणंगात सुमंगलाक्कांचं रस्त्याला लागून किराणा दुकान आहे. त्यांच्या कोंबड्या एकेक करून गायब व्हायला लागल्या, तेव्हा त्यांनी चार कॅमेरे बसवून घेतले. तीन परसात आणि एक, आता घेतोच आहोत तर असू दे म्हणून, रस्त्यावर. त्या दिवशी वायरी ओढण्यात दिवस गेला आणि दत्तप्रसादचा मोबाइल बंद पडला. रेकॉर्डरमध्ये वेळ भरायची राहिली होती. "अक्का, किती वाजले?" त्यानं विचारलं. अक्कांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगितलं आणि त्यानं तेच भरलं. या गोष्टीला चार महिने झाले.

या मंगळवारी अंगणवाडीची शिल्पा साडेचारला कुलूप लावून घरी निघाली. दुकान ओलांडून पुढं, कॅमेऱ्यात न येणाऱ्या वळणावर तिला कुठल्याशा गाडीनं उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. पावणेपाचच्या बसवाल्यांना ती रस्त्याच्या कडेला पडलेली दिसली. बेळगावच्या दवाखान्यात ती अजून शुद्धीवर आलेली नाही. हवालदारांनी दुकानातला कॅमेरा बघितला. साडेचार ते पावणेपाच एकच गाडी गेली होती, चार अडतीसला, गावातल्याच म्हादूची पांढरी पिकअप. नंबर दिसत नव्हता, पण मागची ताडपत्री गावानं ओळखली. हवालदारांनी मान वर करून भिंतीवरचं घड्याळ बघितलं, पडद्यावरची वेळ बघितली. मिनिटाचा फरक नव्हता. म्हादू ओरडून सांगत होता, तवा मी जोयड्यात पोचलो हुतो म्हणून. पण पडद्यावर दिसत असताना त्याचं कोण ऐकतो?

गुरुवारी दत्तप्रसादला बोलावणं आलं. पंधरा मिनिटांची नक्कल पेनड्राइव्हवर काढून द्यायची आणि कागदावर सही करायची. बोलावणं खाकीचं होतं, पण काम तर रोजचंच होतं. दुकानाच्या बाकावर म्हादूची बायको तुळजा बसलेली होती. हवालदार जीपकडे गेल्याचं बघून ती हळूच जवळ आली.

"भाऊ, तुमचं यंत्र खोटं बोलत न्हाई म्हणत्यात. आमचे हे कोंबडी आडवी आली तरी गाडी थांबवत्यात हो. नीट बघा की एकदा."

"बघतो, वहिनी," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता त्यानं पेनड्राइव्ह लावला.

पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. तेवढ्यात शेजारची मंगल पिशवी सावरत, धापा टाकत दारात आली. "अक्का, बस गेली काय? पाच वाजले की!"

"त्या घड्याळावर नको जाऊ गं," अक्का हसल्या. "अर्धा तास पुढं ठेवलंय मी. एकच तर बस, चुकली म्हंजे?"

दत्तप्रसादचा हात माऊसवर तसाच राहिला. त्यानं खिशातला मोबाइल काढला. साडेचार. भिंतीवर पाच. रेकॉर्डरवर पाच.

म्हणजे म्हादू गेला तो चार अडतीसला नव्हे, चार आठला. तेव्हा शिल्पा अंगणवाडीत मुलांची नाकं पुसत असणार! त्याला इतका आनंद झाला की तुळजावहिनींना तिथंच हाक मारावीशी वाटली. पण आधी खात्री करावी म्हणून त्यानं मंगळवारचं चित्र पुढं सरकवलं. सव्वापाचला बस दिसली. पावणेपाचची बस. बरोबर. आता त्याच्या आधीचं बघायचं. पाच दहा, काही नाही. पाच नऊ, काही नाही. पाच आठला एक पांढरी पिकअप वळणाकडे सुसाट गेली. त्यानं चित्र थांबवलं.

नंबरचा नुसता पांढरा ठिपका दिसत होता. वर काचेवर लाल अक्षरं होती. लांबून वाचता येत होती.

बुधवारी सकाळी सूरज चहा घेता घेता सहज म्हणाला होता, "दत्तूदादा, त्या कुणंगच्या कॅमेऱ्यात नंबर दिसतोय काय ओ?" आणि यानं फुशारकीनं सांगितलं होतं, दोन मेगापिक्सेलात कुठला नंबर दिसतोय, त्याला भारी कॅमेरा लागतोय. त्या सकाळी सूरजच्या पिकअपचा डावा दिवा फुटलेला होता. रानडुक्कर आडवं आलं, असं दीपाली सांगत होती. सूरजनं त्या दिवशी अर्धा चहा तसाच ठेवला, हेही आता आठवलं.

अशी भीती त्याला कुठल्याही शिडीवर वाटली नव्हती. तिथं फार तर आपण पडतो. इथं दीपालीचं घर पडणार होतं. ती पुन्हा आपल्याला वाढेल का? रक्षा मामा म्हणून हाक मारेल का? आणि करायचं तरी काय होतं? काहीच नाही! पुसायचं नाही, खोटं बोलायचं नाही. मागितलेली पंधरा मिनिटं द्यायची आणि घरी जायचं. या डिस्कमध्ये आठ दिवसांचंच मावतं. आणखी सहा दिवसांत रेकॉर्डर आपलं आपण पाच आठ पुसून त्यावर कोंबड्या लिहील. कुणाला कळणारही नाही. त्यानं चित्र बंद केलं.

हिरवी पट्टी संपली. हवालदार कागद घेऊन आत आले. "आयतू? झालं? हितं सही कर. रेकॉर्डरची वेळ बरोबर हाय म्हणून लिवलंय."

दत्तप्रसादनं पेन घेतलं. बाकावरून तुळजा त्याच्या हाताकडे बघत होती. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच निळा ठिपका मोठा होत गेला.

"साहेब," तो म्हणाला. "वेळ चुकलीया. माझीच चूक. मी भिंतीवरचं बघून भरलो, आन् ते अर्धा तास पुढं हाय. विचारा अक्कांना."

अक्कांनी तोंडावर हात ठेवला. हवालदारांनी आपल्या मनगटाकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग खुर्ची ओढली. "मग अर्धा तास पुढचं लाव."

त्यानं लावलं. पाच आठ. पिकअप आली, त्यानं थांबवली. हवालदार धारवाडकडचे, कानडी शाळेत शिकलेले. पडद्याजवळ वाकून ते नागरी अक्षरं बोटानं एकेक करत लावायला लागले.

"र... क्षा. रक्षा. ही कुणाची रे गाडी?"

शिडी धरणारं खाली कुणी नव्हतं.

"माझी भाची हाय ती," दत्तप्रसाद म्हणाला. "अक्षरं मीच चिकटवलीत."