केसरबाईची पहिली मोटार

रोज सकाळी दुकानात शिरली की केसरबाई काचेच्या बांगड्या वर सरकवायची आणि त्यांवर फडकं घट्ट बांधायची. तांब्याच्या तारेवरचं पातळ आवरण बांगडीनं खरवडलं तर मोटार टिकत नाही.

यावलच्या बसस्टँडमागे रतिलालशेठचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, आणि समोर आमचं घर. केसरबाई केळीच्या बागेतली रोजंदारी सोडून तिथं झाडलोट करायला आली, तेव्हा मी शाळेत होते. जळलेल्या मोटारींतून काळी पडलेली तार ओढून काढायची, हे तिचं दुसरं काम. विहिरींवरच्या पंपांच्या मोटारी तर सारख्या जळायच्या. विजेचे दोनच फेज यायचे, उन्हात केळी माना टाकायची, मग शेतकरी कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार दोनवर ओढायचे.

जुनी तार काढताना ती वेढे मोजायची. कारागीर वना चिडवायचा, "का व केसरबाई, माही खुर्ची घेतं का?"

"घेतली तर तू कुठी बसशीन?"

तो हसायचा आणि तिला पुढचा सांधा दाखवायचा.

मग वनानं भुसावळला स्वतःचं दुकान टाकलं. शेठ नवा कारागीर शोधू लागले, तेव्हा केसरबाई हातात झाडू घेऊनच म्हणाली, "शेठ, मी बसते की." मजुराला दिवसाची मजुरी मिळे, कारागिराला प्रत्येक मोटारीमागे पैसे, तेवढ्यानं घराचं रूप बदलायचं. शेठनी कोपऱ्यातली एक जळकी मोटार पुढं ओढली. मग म्हणाले, "एक मोटार भर. चालली तर खुर्ची तुझी. नाही तर झाडू आहेच."

मोटार उखर्डूनानांची होती, गावातल्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची. तिनं वेढे चोख भरले. शेवटी गुंडाळ्या बांधायची सुती पट्टी संपली, आणि त्या दिवशी बाजार बंद. आमच्याकडे गजऱ्यापासून चाऱ्याच्या पेंढीपर्यंत सगळं केळीच्या वाळक्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या सालीनं बांधतात. तिनंही सोपटाची दोरी घेतली, गाठी मारल्या, वरून वार्निश लावलं. वीज कुठं गळते का हे दिवा जोडून तपासलं, तेव्हा सगळं ठीक होतं. नाना मोटार बैलगाडीत घालून घेऊन गेले.

दोन दिवसांनी ते मोटार घेऊन परत आले. "शेठ, पाइपाले हात लावला आन् झटका बसला. बाईच्या हातची मोटार मले नको."

शेठनी मोटार खोलली. सोपट विहिरीची ओल पिऊन फुगलं होतं, आणि त्यातून वीज बाहेरच्या लोखंडात उतरत होती. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून ते म्हणू लागले, "नाना, हल्ली वीजच अशी..."

"नाही नाना," केसरबाई मध्येच बोलली. "वीज बरोबर हाये. मी सोपटानं बांधली. माही चूक."

नानांनी ओलं सोपट बोटांत धरून पाहिलं.

"माह्याच बागेतलं तर नाही ना व हे?" ते म्हणाले, आणि शेठनाही हसू आलं. "उद्यापावतर नीट करून दे. केळी वाळून राह्यली."

तिनं एकूणएक गाठ सोडली, गुंडाळ्या कडक उन्हात सुकवल्या, सुती पट्टीनं नव्यानं बांधल्या. दुसऱ्या दिवशी गाडीत मोटारीशेजारी ती स्वतः बसली. विहिरीवर बटण दाबलं गेलं, पाणी पाटात कोसळलं, तरी नाना पाइपापासून दूरच उभे. केसरबाई पुढं झाली आणि तिनं उघडा तळहात पाइपावर ठेवला. पाणी वाहत राहिलं. मग नानांनीही हात ठेवला.

खुर्ची तिची झाली. पुढच्या उन्हाळ्यात नाना दुसरी मोटार घेऊन आले, ते शेठना ओलांडून थेट तिच्याकडे. नंतर गावातली लीलाबाई आणि धुरपदाबाईची मुलगी, दोघी बागेतलं काम सोडून तिच्याकडे शिकायला बसल्या. त्यांना ती पहिल्याच दिवशी सोपटाची गोष्ट सांगायची, काही न लपवता. दुकानात तीन बायका एका रांगेत मोटारी भरताहेत, हे पाहायला बसस्टँडवरचे लोक थांबायचे. आम्ही तर ते दुकान पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचो.

एम.ए.साठी जळगावला निघाले त्या सकाळी मी तिचा निरोप घ्यायला गेले. ती मोटारीवर वाकलेली होती. मी दारातच उभी. मान वर न करता ती म्हणाली, "जराशी सरक व माय, उजेड येऊ दे."