भोंग्यावरची सासू

आमचं वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटकांचं गाव. इथे भाडेकरू दोन प्रकारचे, नोकरीवाले आणि नाटकवाले. नोकरीवाले एक तारखेला भाडं देतात आणि महिनाभर नळाची तक्रार करतात. नाटकवाले दिवाळीला येतात, होळी उलटली की जातात, रोज नव्या गावात रात्रभर नाटक करतात आणि दिवसभर झोपतात. त्यामुळे त्यांना नळाला पाणी येतं की नाही हे ठाऊकच नसतं. मला नाटकवाले आवडतात. घरामागच्या अंगणात, आमच्या भिंतीला लागून, आम्ही कर्ज काढून खोली बांधली, तेव्हाच मी नवऱ्याला बजावलं होतं की भाडेकरू झाडीपट्टीच्या नाटकातलाच पाहिजे, मग राजा असो की चोर.

आम्हाला मिळाल्या त्या सासू. बाई आयुष्यभर खाष्ट सासूचं काम करत आलेल्या. त्या रंगमंचावर आल्या की पुढे बसलेल्या बायका तोंडाला येईल ते बोलायच्या. एका गावात तर म्हणे नाटक संपल्यावर चहासुद्धा दिला नाही कुणी. आणि हीच बाई आमच्या विहिरीवरून पाणी काढायला मला विचारायची, "वयनी, एक बादली घेऊ का?" रोज! मी रोज चिडायची. विहिरीतलं पाणी काय मी मोजून ठेवलं होतं?

मग लॉकडाऊन लागला. उरलेली नाटकं बुडाली. बाकीचे कलावंत मिळेल त्या वाटेने आपापल्या गावी गेले, पण बाईंना जायला गाव नव्हतं. कुरखेड्याकडे एक भाऊ होता. त्याच्या घरी पाहुणी म्हणून दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवसापासून भावजय भांडी आपटते, एवढं त्यांनीच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं. म्हणजे आमची खोली हेच त्यांचं घर. आणि त्या घराचं भाडं द्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते.

पैसे आमच्याकडे तरी कुठे होते? नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. शाळा बंद झाल्या, व्हॅन दारात उभी राहिली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. खोलीच्या कर्जाचा हप्ता मात्र चालूच. भाडं आलं की त्यातून हप्ता जायचा, असा आमचा साधा सरळ हिशेब होता. तो साफ कोलमडला.

आता कुठल्याही शहाण्या घरमालकिणीने भाडं मागितलं असतं, आणि शहाण्या भाडेकरणीने मुदत मागितली असती. आम्ही दोघींनी लपाछपी सुरू केली! मी समोर दिसले तर त्यांना भाड्याची लाज वाटेल, म्हणून मी अंगणात पाऊल टाकण्याआधी मोठ्याने खोकायची, म्हणजे त्यांना आत जायला वेळ मिळावा. त्या काळात खोकणं म्हणजे केवढी जोखीम! शेजारणी खिडक्या लावून घ्यायच्या. तिकडे बाई तांबडं फुटायच्या आत अंगण झाडून, सडा टाकून, पाणी भरून दार लावून घ्यायच्या. माझ्या वाटणीचंही अंगण झाडलेलं असायचं, म्हणून मी आणखीच ओशाळायची आणि आणखी जोरात खोकायची.

नवरा बाजेवर बसून हे सगळं बघायचा. "काय व, तुमी दोघी पोरीसोरीसारख्या लपून राह्यल्या. एकदाचं बोलून घ्या ना."

"तुमी गप बसा," मी म्हणायची. त्याच्याकडे तरी दुसरं काम काय होतं?

अशात एका सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी भोंग्याचा आवाज आला. नगरपरिषदेचा दवंडीचा ऑटो रोजच फिरायचा. आत एक टेप लावलेली असे, त्यात कुणी सभ्य गृहस्थ नागरिकांना नम्र विनंती करत असत आणि नागरिक त्यांच्या देखत घोळक्याने पत्ते खेळत असत. त्या दिवशी मात्र भोंगा कडाडला, "काय व, नकटे! तोंडाले पदर लावाले हात मोडले का तुये? आन तू रे, चौकात काऊन उभा हायेस? तुया लग्नाची वरात येऊन राह्यली का?"

माझ्या हातातली परात खाली पडली. आमची सासू!

नंतर कळलं, नगरपरिषदेतल्या कुणा नाटकवेड्या बाबूला ही युक्ती सुचली होती, मोबदला म्हणून फक्त शिधा. विनंतीने जे होत नव्हतं ते सासूने एका सकाळीत केलं. माणसं पळत घरात शिरली. ऑटोवाला भाऊ स्वतःही नाटकाचा शौकीन. बाईंना बारीक अक्षर दिसत नसे, आणि चष्मा लावला तर सासूचा दरारा जातो असं त्यांचं ठाम मत. म्हणून तो एका हाताने ऑटो चालवायचा, दुसऱ्या हातात सूचनेचा कागद धरून एकेक वाक्य पुटपुटायचा, आणि बाई त्याला मीठमसाला लावून भोंग्यात सोडायच्या. रोज ऑटो निघाला की लोक हातातलं काम टाकून कान देऊन बसायचे. एवढी मजा त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कशातच नव्हती.

फक्त आमच्या गल्लीत मजा नव्हती. पिठाच्या गिरणीपाशी भोंगा बंद पडायचा आणि मारुतीच्या देवळापाशी पुन्हा सुरू व्हायचा. मधली आमची गल्ली मुकी, लांबून नुसता गलका यायचा, शब्द काही लागायचे नाहीत. एकदा मी खिडकीतून पाहिलं, तर बाई पदर कपाळापर्यंत ओढून ऑटोत अंग चोरून बसलेल्या. मला वाटलं, माईक तापत असेल.

एके दिवशी नवरा दूध आणायला पलीकडच्या गल्लीत गेला आणि अर्धं दूध सांडत परत आला. "आइकलं का? सरकारनं सांगतलं, भाडेकरूले तीन महिने भाडं मागाचं नाई, खोली खाली कर म्हनाचं नाई. आन घरमालकाच्या कर्जाचे हप्तेबी पुढं ढकलता येते. बँकेत जाऊन बोलाचं. नाई समजलं तं नगरपरिषदेत विचारा म्हने."

"कोणी सांगितलं?"

"आपल्याच बाईनं! चार दिवस झाले, भोंग्यावर बोंबलून राह्यली. सगळ्या वडशाले मालूम हाये."

माझं डोकं असं तापलं की काही विचारू नका. चार दिवस मी हप्त्याच्या काळजीने वाळत होते, आणि त्यावरचा इलाज माझ्याच अंगणात राहून माझ्या दारावरून मुकाट जात होता! संध्याकाळी मी अजिबात न खोकता थेट बाईंच्या दारात गेले.

दार उघडं होतं. अंथरूण गुंडाळलेलं, पत्र्याची पेटी ओट्यावर काढलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"उद्याचा दिवस काम करतो आन भावाकडं जातो, वयनी. खोली खाली झाली तं तुमाले नोकरीवाला भाडेकरू भेटंल."

"मी जा म्हटलं का तुम्हाला?"

"तुमी काहीच म्हनत नाई, म्हनून तं जाऊन राह्यली," बाई म्हणाल्या. "म्हटलं असतं तं मी भांडली असती."

आता बोला! मी तशीच परत आले आणि नवऱ्यावर राग काढला. दुसरं कोण होतं?

सकाळी ऑटोचा आवाज गिरणीपाशी थांबताच मी खराटा घेऊन गल्लीच्या मधोमध उभी राहिले. ऑटोला थांबावंच लागलं.

"इथं वाचा," मी म्हटलं.

"इथी नाई," बाई पदराआडून म्हणाल्या.

"का? आमची गल्ली नगरपरिषदेच्या हद्दीत येत नाही का?"

ऑटोवाल्या भाऊला तेवढंच हवं होतं. त्याने भोंगा सुरू केला, कागद काढला आणि पहिलं वाक्य पुटपुटलं. बाईंनी ते इतक्या बारीक आवाजात म्हटलं की पलीकडच्या ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, "आवाज!" लगेच शिट्ट्या सुरू झाल्या. प्रत्येक जण आपापल्या ओट्यावर, पण शिट्ट्यांना कुठे अंतर पाळायचं असतं?

कलावंताला "आवाज" म्हणून हाक मारली की संपलंच. बाईंनी पदर मागे टाकला, कंबरेला खोचला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ए सूनबाई! खराटा कोनाले दाखवते? भाडेकरूले खोलीभाईर काढशील तं याद राख! तीन महिने भाड्याचं नाव काढाचं नाई!"

"वन्स मोअर!" गल्ली ओरडली.

मला काय झालं ते देवाला ठाऊक. जन्मात कधी रंगमंचावर गेले नव्हते, पण मी डोक्यावर पदर घेतला, खराटा खाली ठेवला आणि म्हटलं, "चुकलं, सासूबाई!" टाळ्यांचा नुसता कडकडाट! नवरा तर व्हॅनच्या टपावर चढला. कोंबड्या फडफडत पळाल्या.

"चुकलं म्हने!" बाई आता पुऱ्या रंगात आल्या होत्या. ऑटोवाला पुढचं वाक्य पुटपुटत होता, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "आन हप्ता भराले पैसे नाई म्हनून नवऱ्यापाशी रडत बसते. भिताडापलीकडं आइकू येते मले! बँकेत जाऊन दोन शब्द बोलाले तोंड नाई का तुले? भाडं मांगाले तोंड नाई, मुदत मांगाले तोंड नाई..."

आणि त्या थांबल्या. भिंतीपलीकडून त्या सगळं ऐकत होत्या. म्हणून तर त्यांनी आमच्या दारात ती सूचना वाचली नव्हती. आमची ओढाताण माहीत असताना, भाडं मागू नका हे कुठल्या तोंडाने सांगणार? माझे डोळे भरून आले. लाज वाटली आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम.

भोंगा चालूच होता. त्यातून एक अगदी वेगळा आवाज आला, विहिरीवर बादली मागणारा.

"मंग, वयनी, राहू का मी?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. मी ऑटोत डोकं घातलं, माईक हिसकावला आणि जीव खाऊन ओरडले, "राहा! आधी ती पेटी आत न्या!"

भोंग्याने अशी किंकाळी फोडली की दोन गल्ल्यांतले लोक धावत आले. मग पोलिसांची गाडीही आली आणि सगळे पटापट घरात पळाले. आम्ही दोघी एकाच दारातून पळालो.

दुसऱ्या दिवशी मी बँकेसमोर चुन्याच्या गोलात उभी राहिले आणि हप्ता पुढे ढकलून मागितला. व्याज सुटणार नव्हतं, ते साहेबांनी स्पष्ट सांगितलं, पण गळ्याशी आलेलं तेवढ्यापुरतं लांब गेलं. त्या आनंदात घरी येऊन मी वर्षाच्या मिरच्या अंगणभर वाळत घातल्या आणि आत जाऊन आडवी झाले.

जाग आली ती बाहेरच्या आरड्याओरड्याने. ना भोंगा, ना सासूचा आवाज. बाईंचा स्वतःचा आवाज, तोही चांगलाच चढलेला.

"वयनी! माह्या दारात मिरच्या काऊन घातल्या व? मी माह्या घरात जाऊ कुठून?"

मी उठून खिडकीत गेले. "पलीकडून जा!" म्हणून ओरडले. मिरच्या काही उचलल्या नाहीत. मला इतका आनंद झाला होता की मी अंधार पडेपर्यंत भांडत राहिले.